दहावं मूल

खिडकीपलीकडच्या मुलीनं कागद सरकवला आणि वर न बघताच म्हणाली, "इथं सही करा. खाली जुनं नाव लिहा."

"कुठलं जुनं नाव?"

"तुमचंच. ल्याझात."

झाउरेशला वाटलं, हिच्या हातात दुसऱ्याच कुणाचा कागद आलाय. तिनं तसं सांगितलंही. मुलीनं कागद पुन्हा स्वतःकडे ओढला, त्यावरून बोट फिरवलं. "जन्म चौदा ऑक्टोबर एकोणीसशे पासष्ट. हे बरोबर?"

"बरोबर. पण जन्माची नोंद इथली नाही माझी. गावची आहे."

"इथलीच आहे, अल्माटीची. गावाकडचं नंतरचं. समासात लिहिलंय बघा, दत्तकाचा हुकूम, एकोणीस फेब्रुवारी एकोणसत्तर. नाव बदललं, आईबाप बदलले. पूर्ण उतारा तुम्हीच मागितला होता ना?" आणि मग त्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा कंटाळा एकदम गळून पडला. "तुम्हाला… माहीत होतं ना हे?"

"हो," झाउरेश म्हणाली. "माहीत होतं." आणि तिनं सही केली. जुन्या नावाची जागा मोकळी सोडली.

आणि ते तसं खोटंही नव्हतं. तिच्या घरात ही गोष्ट कधी कुणी कुणापासून लपवली नव्हती. थोरल्या मुलाचं पहिलं मूल आजीआजोबा मागून घेतात, पोटाशी धरतात, आणि ते त्यांचंच शेंडेफळ होऊन वाढतं. जन्म देणाऱ्या बापाला ते दादा म्हणतं आणि जन्म देणारीला वहिनी. झाउरेश अशीच वाढली. अपा तिची आई, अता तिचे वडील. शहरात राहणारा तोलेगेन तिचा थोरला दादा, आणि त्याची बायको रिम्मा तिची वहिनी. वहिनीला मागाहून झालेला मुलगा अस्कार तिला आत्या म्हणायचा. दोघांची नाकं एका साच्यातून काढल्यासारखी होती, तरी तो आत्या म्हणायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वहिनी उन्हाळ्यात गावी आली की झाउरेश पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी घ्यायची, तिला अहो-जाहो करायची, चहात दूध किती घालू असं दरवर्षी नव्यानं विचारायची. पाहुणीशी वागावं तसं. आत खोल कुठंतरी तिला या वागण्याचा एक बारीकसा आनंदही व्हायचा. आपल्याला देऊन टाकणाऱ्या बाईला आपली काही उणीव दिसू नये, याचा.

पण देणं आणि मागणं यांत तिच्या लेखी जमीनअस्मानाचा फरक होता. तिला मागून घेतलं होतं. ती चाळीस दिवसांची होती, अता स्वतः ट्रकमधून शहरात गेले, सुनेच्या पुढ्यात बसून म्हणाले, हे पहिलं माझं. मग मेंढीच्या कातड्याच्या कोटाची बटणं उघडून तिला आत छातीशी ठेवलं आणि दोन दिवसांच्या वाटेनं, बर्फातून, घाट चढून गावी आणलं. वाटेत ट्रक रुतला तेव्हा अता खाली उतरले नाहीत, कारण मूल झोपलं होतं. बाकीच्यांनी ट्रक ढकलला. ही गोष्ट अपानं तिला शंभरदा सांगितली असेल. पीठ मळताना सांगितली, केस विंचरताना सांगितली, झाउरेश सतराव्या वर्षी शिकायला शहरात निघाली तेव्हा बसच्या पायरीशी उभं राहून सांगितली. झाउरेशनं ती पुढं सायातला सांगितली, लग्नाआधी, तिसऱ्याच भेटीत, आणि सायात, जो दातांच्या कवळ्या बनवतो आणि फारसं बोलत नाही, तो म्हणाला होता, "म्हणजे तू कोटातून आलीस." त्या कोटाचा वास तिला आठवतो असं तिनं त्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. चाळीस दिवसांच्या मुलीला कसला वास आठवणार! पण आठवत होता. अजूनही, कचेरीच्या पायऱ्या उतरताना, ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा तो वास तिच्या नाकात होता, आणि हातातल्या कागदावर लिहिलं होतं की तीन वर्षं उलटेपर्यंत ती शहरातल्या आईबापांची ल्याझातच होती, असं काही झालंच नव्हतं.

बाहेर नोव्हेंबरचा चिखल होता. रस्त्याकडेच्या पाटातून ओकची पानं वाहत खाली चालली होती. झाउरेश उताराच्या उलट दिशेनं, डोंगराकडे, उगीच चालत राहिली. कामावर जायचं होतं. देशाच्या आकडेवारी खात्याच्या शहरातल्या कचेरीत ती लहान मुलांचे तक्ते करी: किती जन्मली, किती दगावली, किती अनाथालयात, किती दत्तक गेली. दत्तकाचा तक्ता तिच्या हातचा होता, बावीस वर्षं. सोव्हिएत काळातले आकडे, मग ते राज्य मोडलं त्यानंतरची वाईट वर्षं, जेव्हा बालगृहं भरून वाहायला लागली आणि परदेशी जोडपी घोळक्यानं यायला लागली. मग परदेशचा रकाना हळूहळू घटला आणि देशातला वाढला. कोणत्या जिल्ह्यात मुलगे जास्त मागतात, कुठं मुली, तान्ही किती, तीन वर्षांवरची किती. तीन वर्षांवरचा रकाना कायम किडकिडीत. एकदा बाहेरून आलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं की तुमच्याकडे नातवंडं दत्तक घेण्याची जी रीत आहे तिचे आकडे कुठं आहेत. तेव्हा झाउरेश उठून, थोडीशी लाजत, थोडीशी मिरवत म्हणाली होती, "ती मुलं तक्त्यात येत नाहीत. त्यांना कुणी हुकमानं दिलेलं नसतं. मी त्यांच्यातलीच आहे." सगळे कौतुकानं हसले होते. चहाच्या वेळी एका बाईनं तिचा हात हातात घेतला होता. आणि आता एकोणसत्तर सालच्या तक्त्यात, तिच्या जिल्ह्याच्या रांगेत, तीन वर्षांवरच्या किडकिडीत रकान्यात जो आकडा होता त्यात एक ती होती. तो तक्ता तिनं स्वतः संगणकावर चढवला होता. स्वतःवरून बोट फिरवून ती पुढच्या रांगेत गेली होती.

तीन वर्षं आणि चार महिने. एवढ्या वयाचं मूल काय काय जाणतं हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं, कारण गेल्या वसंतात तोगझान तेवढीच होती. तोगझानला ती आणि सायात वर्षभर दर शनिवारी बालगृहात भेटत होते. तिच्यासाठीच तर हे सगळे उतारे, दाखले, छातीचे फोटो, पोलिसांचे शिक्के चालले होते. सायातच्या आईनं आधी डोकं आपटून घेतलं होतं, तान्हं आणा, गावाला जा चार महिने, पोटाला उशी बांधून फिरा, सगळे तेच करतात, आणि झाउरेशनं तिला शांतपणे सांगितलं होतं, आमच्या घरात मूल लपवून आणत नाहीत. तर तोगझान सव्वातीन वर्षांची असताना अख्खी वाक्यं बोलत होती. आपला पलंग कुठला, आपला कप कुठला, कोणती बाई ओरडते आणि कोणती ओरडत नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. आपलं नाव ठाऊक होतं. दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती हसली असती, किंवा चिडली असती, वळली मात्र नसती. मग ल्याझात कधी वळायची थांबली? किती दिवस लागले? तिला त्यासाठी काय दिलं, साखर? की नुसतंच, वळेपर्यंत, दुसरं नाव हाकारत राहिले?

ट्रॅम वळणावर आली आणि रुळांवर चाक घासल्याचा तो लांबलचक, दात शिवशिवणारा आवाज झाला. झाउरेश थांबली. सतराव्या वर्षी पहिल्यांदा शहरात उतरल्यावर हाच आवाज ऐकून तिच्या तोंडात कुठून तरी रव्याच्या गोड खिरीची चव आली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, भुकेनं होत असेल. पुढं सवय झाली. कधीमधी एक हिरवी भिंतही दिसायची, खालून अर्धी हिरवी आणि वर पांढरी, आणि त्या दोहोंच्या मधली रेघ बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. तिला वाटायचं, गावच्या दवाखान्यातली असेल. गावच्या दवाखान्याची भिंत निळी होती, हे तिला पक्कं माहीत होतं, तरी वाटायचं. मग शेजारची ती म्हातारी, जिनं एकदा सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "काय ठसक्यात आली होतीस गं, स्वतःच्या पायांनी, लाल बुटांत." अपानं तिला पुढं बोलू दिलं नव्हतं. "लाल बुटांतली ती माझ्या बहिणीची नात. तुला आता माणसं ओळखू येत नाहीत," असं म्हणून म्हातारीच्या पुढ्यात चहाचा वाडगा इतका जोरात ठेवला की चहा सांडला. त्या म्हातारीला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. आठ काका-आत्यांना, जे तिचे भाऊ-बहीण म्हणवत, मास्तरांना, ट्रकवाल्याला. अख्खं गाव चाळीस वर्षं एका कोटाची गोष्ट सांभाळत बसलं होतं आणि एकाचीही जीभ घसरली नव्हती, त्या एका म्हातारीची सोडून. तिलाही लोक भ्रमिष्ट म्हणायला लागले होते.

सायातचा फोन आला. "मिळाला उतारा?"

"मिळाला."

"मग झालं की सगळं. आवाज असा का?"

"चढ चढतेय," ती म्हणाली आणि खरोखरच तेव्हा तिला कळलं की आपण वहिनीच्या घराचा चढ चढतोय.

रिम्मा वहिनी दादाच्या माघारी एकटीच राहत होती, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. नकाशे काढणाऱ्या कचेरीत सारा जन्म गेला होता तिचा, आणि बाहत्तराव्या वर्षीही तिचा हात थरथरत नव्हता. झाउरेश तिच्याकडे सणाला जायची, आधी फोन करून, मिठाई घेऊन. आज दार उघडलं तेव्हा वहिनीनं आधी तिच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि मग चेहऱ्याकडे.

"अस्कारला काही झालं?"

"नाही."

"ये, ये आत. बूट राहू दे, फरशी गार आहे. चहा टाकते. आधी कळवायचं नाही का, पीठ भिजवून बाउरसाक तळले असते…"

झाउरेशनं कागद टेबलावर ठेवला. वहिनीनं चष्मा शोधला, तो तिच्या गळ्यातच होता. तिनं वाचलं. वाचताना ओठ हलले नाहीत, तोंडावरची रेघही हलली नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद टेबलाच्या कडेला अगदी समांतर लावून ठेवला, आणि केटली भरायला गेली. पाणी भरून वाहायला लागलं तरी तिनं नळ बंद केला नाही. मग केला.

"तुम्ही लोकांनी मला सांगितलं की मी चाळीस दिवसांची होते."

"मी नाही सांगितलं कधी."

"पण ऐकत होता ना! मी तुमच्यासमोर सांगायची. माझ्या लग्नात सांगितलं मी, माइक हातात घेऊन. तुम्ही पुढच्या टेबलावर होता. डोळे पुसत होता. मला वाटलं, भरून आलंय यांना."

"भरूनच आलं होतं," वहिनी म्हणाली. ती बसली. बराच वेळ तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग बोलायला लागली तेव्हा आवाज कोरडा होता, एखाद्या जुन्या कामाचा तपशील सांगावा तसा. "वसतिगृहात एक खोली होती आम्हाला. ट्रॅमच्या वळणावर. अस्कार झाला अडुसष्टच्या एप्रिलमध्ये, आणि झाला तोच छातीचा दुखणाईत. दवाखान्यात राहायचे मी त्याच्याबरोबर, तुला शेजारणी बघायच्या. आज ही, उद्या ती. ऑक्टोबरात तुझा दादा म्हणाला, हिवाळ्यापुरती गावी ठेवू. तीन महिने. मी तुझी गाठोडी बांधली. नवे बूट घेतले."

"लाल."

वहिनीनं दचकून पाहिलं. "तुला आठवतं?"

"नाही. कुणीतरी सांगितलं."

"फेब्रुवारीत सासूबाई आल्या. एकट्या, एवढ्या बर्फातून. मला वाटलं तुला घेऊन आल्या. तर पिशवीतून कागद काढला. म्हणाल्या, मला नऊ मुलं आहेत. दहा झाली की सरकारकडून तारा मिळतो, वीरांगना मातेचा. दत्तक घेतलेलं धरतात. म्हणाल्या, कागदापुरतं आहे, मुलगी तुमचीच. तारा आला की घेऊन जा."

वीरांगना माता. दर मे महिन्यात अपा काळ्या मखमलीच्या जाकिटावर तो तारा लावून शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत बसायची. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो होता, दहा मुलांच्या मधोमध, आणि अगदी पुढं, तिच्या गुडघ्यांना टेकून, बारीक केस कापलेली झाउरेश. शाळेत सगळे तिला हेव्यानं दहावी म्हणायचे. अपाही म्हणायची, लाडात आली की, माझी दहावी, माझी दहावी, आणि तिच्या डोक्याचा वास घ्यायची. ती जवळ घेणारी छाती खोटी नव्हती. झाउरेशला तापानं घेरलं तेव्हा अपा तीन दिवस जमिनीवर बसून होती, तेही खोटं नव्हतं. पण आता त्या सगळ्याखाली कुणीतरी हलक्या हातानं एक बेरीज मांडून ठेवली होती, आणि झाउरेश, जिचा जन्म बेरजांत गेला, तिला ती खोडता येईना. नऊ आणि एक. तिला कुणी मागितलं नव्हतं. दहा मागितले होते.

"आणि तुम्ही सही केली."

"तुझ्या दादानं आधी केली. आईपुढं तोंड उघडायचा नाही तो, तुला माहीत आहे."

"मी तुमचं विचारतेय."

"केली." वहिनीनं कागदावरच्या समासावर बोट ठेवलं, जणू ती सही तिथंच होती. "नाव बदलतील हे सांगितलं नव्हतं मला. मे महिन्यात तुला आणायला गेले. तर म्हणाल्या, आत्ता नको, तपासायला समिती येणार आहे, मूल घरात दिसायला हवं. सप्टेंबरात गेले. तू अंगणात होतीस. मी ल्याझात म्हणून हाक मारली. तू इकडंतिकडं पाहिलंस. कुणाला बोलावतायत, असं. पुढच्या वर्षी तारा आला. तेव्हा म्हणाल्या, आता लगेच नेलीस तर लोक काय म्हणतील, जरा विसरू देत. मग तू शाळेत जायला लागलीस. मी कुणाकडे जायचं होतं? पक्षाच्या कचेरीत? माझ्या सासूनं सरकारला फसवलं म्हणून? तुरुंगात टाकलं असतं त्यांना. तुझ्या दादाची नोकरी गेली असती."

"म्हणजे तुलाही फसवलं," झाउरेश म्हणाली. आणि हे म्हणताना तिच्या आत काहीतरी सैल व्हायला लागलं, ज्याची तिला भीती वाटली आणि जे तिला हवंही होतं. इतकी वर्षं ज्या बाईला तिनं दूध किती घालू असं विचारून छळलं, ती बाईही त्याच कोटाखाली गाडली गेली होती तर. आता उठावं, टेबलाला वळसा घालावा. दोन पावलांचं अंतर होतं.

"तू म्हणालीस मला," वहिनी म्हणाली.

"काय?"

"तुलाही, म्हणालीस. तुम्हाला नाही."

केटली शिट्टी मारायला लागली आणि वहिनीनं उठून ती बंद केली, पण चहा केला नाही. गॅसपाशी पाठमोरीच उभी राहिली. तिची पाठ अजून ताठ होती. मग ती पाठमोरीच बोलली, आणि झाउरेशला पुढं कित्येक दिवस वाटत राहिलं की हे ती बोलली नसती तर बरं झालं असतं. आणि हेही, की साऱ्या आयुष्यात तिच्याशी खरं बोललेलं हेच पहिलं वाक्य होतं.

"तू असं म्हणालीस म्हणून सांगते. नाहीतर नसतं सांगितलं. फसवलं मला पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी मी अजून विचारत होते, पण विचारताना भीती वाटायची, की ही हो म्हणेल. अस्कार बरा झाला होता. मला बढती मिळाली होती. खोलीत जरा जागा झाली होती. तू आली असतीस तर रडली असतीस तुझ्या अपासाठी, रात्रंदिवस, आणि मी परकी झाले असते माझ्याच घरात. तिसऱ्या वर्षी मी विचारायचं सोडून दिलं. कुणी अडवलं नव्हतं तेव्हा मला. सोपं वाटायला लागलं होतं."

झाउरेश उठली. कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, चेन ओढली. दाराशी गेल्यावर तिला बूट काढलेलेच नाहीत हे आठवलं. फरशीवर तिच्या पावलांचा चिखल दारापासून टेबलापर्यंत गेला होता. एरवी तिनं फडकं मागून घेतलं असतं.

"येते, वहिनी," ती म्हणाली.

त्या महिन्यात ती कामावर गेली, तक्ते केले, शनिवारी बालगृहात गेली. सायातला तिनं सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, "पण अपाचा जीव होता तुझ्यावर." ती म्हणाली, "होता." एवढंच. तिला याहून मोठं काही म्हणता येत नव्हतं आणि याहून कमीही नाही. अपाला जाऊन सोळा वर्षं झाली होती. भांडायचं तर कबरीशी भांडावं लागणार, आणि कबरीवरच्या दगडावरही मुलांनी तारा कोरून घेतलेला. कधी ती मोठ्यानं ल्याझात असं म्हणून बघायची, स्वयंपाकघरात, एकटी असताना. आत कुणीही वळत नव्हतं. तीन वर्षांची कुणीतरी एक, खिरीची चव आणि हिरवी भिंत एवढीच मालमत्ता घेऊन, कुठंतरी बसून राहिली होती, आणि तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. त्यात सगळ्यात मोठी चूक कुणाची, हे ठरवायला गेलं की झाउरेशला झोप लागायची, दिवसाढवळ्या, टेबलावर डोकं टेकून, आजारी माणसासारखी.

न्यायालयात जानेवारीत तारीख लागली. न्यायाधीश बाईंनी ठरलेले प्रश्न विचारले, आणि शेवटी, अर्ज चाळत, म्हणाल्या, "मुलीचं नाव बदलायची विनंती इथं नाही. राहून गेलंय का? बहुतेक जण बदलतात. जन्मतारीखही बदलता येते, लोकांना कळू नये म्हणून."

"राहून नाही गेलं," झाउरेश म्हणाली.

"मोठी झाल्यावर विचारेल."

"विचारू दे. जे असेल ते सांगीन." बोलताना तिचा आवाज इतका कडक झाला की सायातनं तिच्या कोपराला हात लावला. न्यायाधीश बाईंनी शिक्का मारला.

तोगझान घरी आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सायातच्या आईनं माणसं जेवायला बोलावली. तिचा विरोध आता ओसरला होता. उलट सगळ्यांना, ही बघा, डोळे बघा कसे, सायातवर गेलेत, असं सांगत ती ताटं मांडत होती. झाउरेशनं वहिनीला बोलावलं नव्हतं. अस्कार घेऊन आला तिला, न विचारता. "आत्या, रागावू नकोस, हट्टच धरला तिनं," तो दाराशी कुजबुजला आणि बूट काढून आत सटकला. त्याला काही माहीत नव्हतं. त्यालाही कोटाचीच गोष्ट माहीत होती.

वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. डोक्याला पांढरा रुमाल, हातात बाउरसाकचं भांडं, अजून गरम. घामानं वरचा ओठ ओला होता. चौथ्या मजल्यावरून उतरून, ट्रॅम बदलून, पुन्हा तीन जिने चढून आली होती. तिच्या आणि झाउरेशच्या मध्ये तोगझान येऊन उभी राहिली, नव्या माणसाकडे खालून वर बघत. बालगृहातल्या मुलांना असतं तसं, दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे नीट निरखून बघायचं.

"ही कोण?" तिनं विचारलं.

आतून ताटांचा आवाज येत होता. वहिनीनं तोंड उघडलं, बहुधा आपण कोण ते स्वतःच सांगायला, वहिनी किंवा आजी किंवा पाहुणी, जे सोयीचं होईल ते. झाउरेशनं तिला बोलू दिलं नाही.

"ही माझी आई," ती म्हणाली. "मी तुझ्याएवढी असताना हिनं मला देऊन टाकलं."

वहिनीच्या हातातलं भांडं हललं नाही. चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं, चव्वेचाळीस वर्षांत झाउरेशच्या तोंडून जो शब्द कधी ऐकला नाही तो ऐकल्यावर येईल असं, आणि पुढच्या वाक्यानं ते तिथंच थिजलं. ती म्हणाली, "हो. दिलं."

तोगझाननं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला यात काहीच नवल वाटलं नाही. ती राहत होती तिथं सगळ्यांनाच कुणीतरी देऊन टाकलेलं होतं. तिला फक्त पुढचं जाणून घ्यायचं होतं. तिनं झाउरेशचा झगा मुठीत घट्ट धरला.

"मग आता तुला परत न्यायला आलीय?"

वहिनीनं मान खाली घातली आणि ती एका हातानं रुमालाची गाठ सोडायला लागली, जी सुटेना.

"नाही," झाउरेश म्हणाली. "जेवायला आलीय." आणि तिच्या हातातलं भांडं घेऊन, कोपराला धरून, तिला आत नेलं. दारापासून सगळ्यात लांब, भिंतीशी, जिथं दुरून आलेल्या माणसाला मानानं बसवतात तिथं गादीवर बसवलं, पाठीशी उशी दिली. घरची माणसं दाराकडे बसली होती, चहाच्या केटलीपाशी, उठायला सोपं पडावं म्हणून. तिथं अस्कारच्या शेजारी जागा होती. वहिनीनं त्या जागेकडे एकदा पाहिलं. मग झाउरेशनं जिथं बसवलं होतं तिथंच तिनं पाय दुमडले, आणि वाडगा पुढं आला तेव्हा दोन्ही हातांनी घेतला.

तोगझान जेवण संपेपर्यंत झाउरेशच्या मांडीवरून उतरली नाही. ती वहिनीवर लक्ष ठेवून होती.